न कळवता

टमाले, घाना

मालिनीवहिनी,

इथे बेचाळीस अंश आहे आणि मी मजेत आहे. सकाळी शाळेत मुलींना कॉम्प्युटर शिकवते. वीज गेली की वर्ग आंब्याखाली भरतो, मग नुसती गाणी.

आल्या आल्या मी घोळ घातला. शेजारच्या मेमुनाला मेसेज केला, ‘पुढच्या गुरुवारी चारला पाच मिनिटं येऊ का?’ आपली नेदरलँड्सची सवय! इथे कुणी वेळ मागून येत नाही; तिला वाटलं, माझ्या घरचं कुणीतरी गेलं. संध्याकाळी ती चार बायका आणि भेंडीच्या कालवणाचं पातेलं घेऊन दारात हजर. मला फक्त झाडू हवा होता, वहिनी! हसून हसून आम्ही सगळ्या जमिनीवर बसलो.

आता कुणीही माझं दार ढकलून आत येतं, आणि मला तुम्ही आठवता. तीन वर्षांपूर्वी मी रायस्वाइकला तुमच्या घरी अशीच आले, तेव्हा तुम्ही दारातच म्हणालात, ‘अगं, फोन करून यायचं ना!’ मी तशीच आइंडहोवनला परतले आणि बोलणंच टाकलं. पण मागून तुम्ही ‘थांब गं’ म्हणालात, ते मी ऐकलं होतं.

शनिवारी विमानतळावरून थेट तुमच्याकडे येतेय. फोन करणार नाही. म्हणून तर हे पत्रही पाठवत नाहीये.

तुमची हट्टी नणंद,
हिमानी