डोहाच्या पाहणीची आगाऊ दवंडी रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी साहेब,
अमरावती.

अर्जदार : किसनराव पंजाबराव बोंडे, धंदा शेती, राहणार मौजे डोहखेडा, वर्धा नदीकाठ.

विषय : येत्या सोमवारची डोहाची पाहणी रद्द व्हावी व आपण कधीतरी न कळवता यावे.

संदर्भ : कोतवालाने शुक्रवारी दिलेली दवंडी : "साहेब डोह पाह्याले येऊन राहिले हो, घरंदारं साफ ठेवा!"

महोदय,

१. विषय वाचून अर्जदाराचे डोके फिरले आहे असे आपणास वाटेल. साहेबांनी यावे म्हणून अर्ज करणारे पुष्कळ असतात. येऊ नये म्हणून करणारा बहुधा मीच पहिला. परंतु दवंडी झाली त्याच संध्याकाळी तेल गिरणीच्या आवारात चुन्याची पोती उतरली आहेत. आपले येणे आणि चुना यांचा संबंध पुढे सविस्तर सांगतो.

२. आमच्या गावाच्या डोहावर आठ-दहा भोई कुटुंबे मासे धरून पोट भरतात. सदर डोह मत्स्यरक्षणासाठी दहा वर्षे गिरणीच्या ताब्यात मिळावा, असा गिरणीचे मालक गोवर्धनशेठ यांचा अर्ज आपल्यापुढे आहे. सोमवारची पाहणी त्याकरिताच आहे. डोह मिळाल्यास शेठजी त्याला तारेचे कुंपण घालणार आहेत. कुंपणाने मासे राखले जातील की गिरणीची मोरी झाकली जाईल, हे आपणच ठरवावे. गिरणीचे काळे, तेलकट पाणी ज्या मोरीतून डोहात पडते, ती बरोबर कुंपणाच्या आत येते.

३. गिरणीने एक हस्तपत्रक वाटले आहे. त्यात 'डोहापासून सागरापर्यंत मत्स्यरक्षण' असे ठळक छापले आहे. आमच्या गावात सागर पाहिलेला इसम एकच, नत्थुजी न्हावी. ते रामेश्वराला जाऊन आले आहेत. सागर कसा आहे असे विचारता ते म्हणाले, "पानी लय हाये, पन घोटभर पेता येत नाई." गिरणीच्या मोरीखालच्या पाण्याबद्दलही त्यांचे मत हेच आहे. याखेरीज अकोल्याहून पेंटर आणून घाटावर मोठा फलक लावला आहे. पेंटर सिनेमाचे फलक रंगवणारा असल्याने माशाला पापण्या आल्या आहेत.

४. आता चुन्याचे. माघात शेठजींनी डोहात मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ केला. पाहुणे यायचे म्हणून घाटाच्या पायऱ्या, दगड, झाडांचे बुंधे, सगळे पांढरेशुभ्र केले. साहेब येणार म्हटले की चुना मारायचा, ही आपल्याकडची जुनी रीत, तिला नावे ठेवायची नाहीत. मोरीच्या तोंडावर तर फुलांचा मांडव होता. पण उरलेला कळीचा चुना पिंपेच्या पिंपे डोहात ओतून मजूर घरी गेले. दुसऱ्या दिवशी मडक्यांतून आणलेली पिले टाळ्यांच्या कडकडाटात पाण्यात सोडली आणि शेठजींचे भाषण संपायच्या आत ती उलटी होऊन वर आली. शेठजी म्हणाले, पहा, किती आनंदाने पोहताहेत! तेव्हा गर्दीतून सुभद्रा भोईण मोठ्याने बोलली, "शेटजी, मासा उताना झाला म्हंजे मेला. तो काय उन्ह खाऊन राह्यला?" पाहुणे हसले. मलाही हसू आले, परंतु घरी आल्यावर जेवण गेले नाही.

५. येथे सांगणे भाग आहे की अर्जदार माळकरी असून मासळीला शिवत नाही. माझी पत्नी रुख्मिणी म्हणते, "गयात माय अन् डोस्क्यात मासे! काय झालं तुमाले?" जे झाले ते या सुभद्राबाईमुळे झाले.

६. पूर्वी आमची सर्वांची अंबाडी दोराचा वाख सुटावा म्हणून डोहातच भिजत पडे. पाणी कुजे, मासे मरत, आणि आम्ही नाकाला धोतर लावून दोरखंडांचे भाव बोलत असू. सुभद्राबाई घरोघर फिरली, भांडली, एकदा माझ्या ओट्यावर ठाण मांडून बसली. अखेर अंबाडी जुन्या खदानीत नेली. खदान लांब आहे, बैल कुरकुरतात, परंतु चार वर्षांत एकाही शेतकऱ्याने पेंढी डोहात टाकलेली नाही. बदल्यात भोयांनी आखाडीपासून पोळ्यापर्यंत, मासा अंडी टाकतो त्या दिवसांत, जाळी मारुतीच्या देवळात टांगून ठेवायची असे ठरले. पुजाऱ्याने वासाची तक्रार केली. त्यावर सुभद्राबाईचे उत्तर : "मारुती समुद्रावरून गेला व्हता, त्याले मासोयीचा वास नवा हाये काय?" जाळी करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच खाली उतरतात. या कामाचा फलक नाही, कारण फलक लावायला कोणाला सुचले नाही.

७. आणि साहेब, कार्तिकात डोहात अहीर दिसला! हा सापासारखा लांब मासा. सुभद्राबाईचा सासरा सांगत असे की तो समुद्रात जन्मतो आणि नद्या चढत चढत आपल्याकडे येतो. अंबाडीच्या दिवसांत तो दिसेनासा झाला होता. तो पुन्हा आला म्हणताच भोयांच्या पोरींनी गूळ वाटला. मी माळकरी, मीही खाल्ला. माघातल्या चुन्यातूनही तो वाचला, कारण तेव्हा पाणी खोल होते. आज चैत्र आहे. डोहाचे डबके होत आले आहे आणि अहीर त्याच डबक्यात आहे. सोमवारसाठी आणलेला चुना ओतला, तर तो उरणार नाही. मला हे सहन होणार नाही.

८. करिता विनंती अशी की, सोमवारची पाहणी रद्द झाल्याची दवंडी ताबडतोब पिटवावी. नंतर आपण अवश्य यावे, पण चुना कालवायला वेळ मिळणार नाही असे अचानक यावे. मांडव नसलेली मोरी पाहावी, खदानीतली अंबाडी पाहावी, आणि मगच डोह कोणी राखायचा ते ठरवावे. समारंभच हवा असेल तर करीच्या दिवशी यावे. जाळी उतरतात, ढोल वाजतो, आणि भाषण कोणी करत नाही. आपल्या येण्याने गाव आजवर पांढरे होत आले आहे. एकदा तरी आम्हांला आहे त्या रंगात पाहावे.

कमीजास्त लिहिले असल्यास मोठ्या मनाने पोटात घालावे.

आपला नम्र,
किसनराव पंजाबराव बोंडे
डोहखेडा, दि. ६ एप्रिल १९६३

निशाणी अंगठा : सुभद्रा भोईण (अर्ज वाचून दाखवला, "लय लांबोला" असे म्हणाली)

सोबत :
१. गिरणीचे हस्तपत्रक.
२. पुराव्यादाखल अहीर जोडलेला नाही. तो डोहातच राहावा, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे.