नेऱ्याच्या तळ्यातले आठ रोहू

पनवेल, गुरुवार

हाफिजमामूंना माहनूरचा अदबीने सलाम.

इथे सगळी खैरियत आहे, असं अम्मीने लिहायला सांगितलंय. तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही "सब ठीक" म्हणून ठेवून देता, म्हणून ही चिठ्ठी झुबेदामामींच्या पर्समधून पाठवतेय. (मामी, वाचणार असाल तर निदान चष्मा लावून वाचा.)

मामू, मेमध्ये तुम्ही तुमच्या तळ्यातले म्हणून आठ जिवंत रोहू नेऱ्याहून खारघरला माझ्या कॉलेजात पोचवलेत, रिक्षात ड्रम मांडीवर घेऊन, दर खड्ड्याला बिस्मिल्लाह म्हणत. माझं पीएचडीचं कामच ते. कारखान्यांमागच्या नाल्यातले मासे एकीकडे, तुमचे स्वच्छ पाण्यातले दुसरीकडे, आणि दोघांच्या कलेजीतलं एक प्रथिन मोजायचं. पाण्यातून कॅडमियमसारखा विषारी धातू अंगात गेला की मासा हे प्रथिन जास्त बनवतो. ते त्या धातूला असं धरून ठेवतं की सोडतच नाही (उठू पाहणाऱ्या पाहुण्याला मामी धरतात, तसं). म्हणजे नाल्यातल्या माशांत ते भरपूर हवं आणि तुमच्या माशांत नावापुरतं.

तर तुमच्या आठही जणांत ते नाल्यातल्यांइतकंच निघालं! मी लेबलं तपासली, पुन्हा मोजलं, तेच. शेवटी सगळा दोष रिक्षाच्या हादऱ्यांवर ढकलून पाहिला. आमच्या दमयंती मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माहनूर, खड्ड्यांतून कॅडमियम येत नाही." सोमवारी सगळ्या विभागापुढे हे मांडायचंय. तीन वर्षांचं काम आहे, मामू. चार दिवस मी अर्धी भाकरी टाकून उठतेय, आणि अम्मीला वाटतंय मी डाएटवर आहे. तेव्हा तळ्यातले आणखी आठ मासे पाठवाल का?

तुमची,
माहनूर

ता. क. अम्मी लोणच्याची बरणी परत मागतेय. रिकामी चालेल.

आणखी एक. मासे राहू द्या. मामी आत्ता चहा पिता पिता बोलून गेल्या, "अगं, मेमध्ये तळ्यात घोटाभर तरी पानी होतं का? बगळे चालत होते!" मामू, भाचीला नाही कसं म्हणायचं म्हणून ते रोहू तुम्ही बाजारातून तर आणले नाहीत ना? बकरा विकताना त्याचं लंगडणं गिऱ्हाइकाला आधीच सांगणारे तुम्ही. पण आयुष्यात एकदा, फक्त माझ्याशी, खोटं बोलला असाल तर मी मोहल्ल्यात मिठाई वाटेन. पीएचडी गेली तरी वाटेन. कारण बोलला नसाल, तर ते पाणी तुमच्या तळ्याचं आहे, आणि मला फार भीती वाटतेय.

शेवटचं. उत्तर मामींकडेच द्या, "सब ठीक" सोडून काहीही लिहा. आणि तोवर कुणी पाहुणा आला, तर तळं किती साफ आहे हे दाखवायला नेहमीसारखं ओंजळभर पिऊ नका.