आठवं नाव

प्रिय ताई,

आई बरी आहे, हे आधी सांगून टाकते. नाहीतर तू पाकीट फोडल्या फोडल्या शेवटच्या ओळीकडे धावशील. गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. फक्त कवळी डावीकडे टोचायला लागली आहे. हिरड्या आटल्या की असं होतंच, तूच सांगायचीस. म्हणून परवा मी ती रुमालात गुंडाळून तुमच्या लॅबमध्ये घेऊन गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढले. वर मेणाचा तोच गोडसर वास, आणि खिडकीजवळचं तुझं टेबल. त्यावर आता कुरियरची खोकी ठेवतात. दातांचा रंग जुळवायचं काम मालक बाहेर पाठवतात. म्हणाले, परत येतात त्या सगळ्या कवळ्या एकाच पांढऱ्या रंगाच्या. गावातल्या म्हाताऱ्यांनी मिळून घाऊक भावात हसू आणल्यासारखं दिसतं. दातांचे साचे ओतणारे प्लास्टरवाले काका तसेच, भुवयांपर्यंत पांढरे. त्यांनी कवळी घासून दिली आणि विचारलं, "ती तिकडं रुळली का गं?" मी हो म्हटलं. मग ते उगाचच बराच वेळ हात धूत राहिले.

बाबा गेले तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि मी दहाची. शाळेचं दप्तर तू मला दिलंस आणि त्या टेबलाशी जाऊन बसलीस. पहिल्या वर्षी रोज सकाळी मला खिडकीशी उभी करायचीस, "दात दाखव ठकी" म्हणायचीस, आणि रंगांची ती पट्टी माझ्या ओठांशी धरून डोळे बारीक करायचीस. पांढऱ्यात किती पांढरे असतात ते तू माझ्या तोंडावर शिकलीस. शाळेत मला सगळे 'दातवालीची बहीण' म्हणायचे. मी हसून घ्यायचे, पण आतून मला ते नाव मुळीच आवडायचं नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तू आणि मी एका पांघरुणात वाढलो, एकमेकींचे कपडे घातले. पण तू दीड वर्षाची असताना आई तुला कडेवर घेऊन सीमेपलीकडून आली, आणि मी इथल्या दवाखान्यात जन्मले. आईबाबांचे नागरिकत्वाचे कागद झाले. तुझ्या जन्माचा दाखला तिकडून यायचा होता, तो काही आला नाही. बाबा "उद्या बघू" म्हणत राहिले आणि त्यांचे उद्या संपले. तू कामाच्या परवान्यावर राहिलीस. दरवर्षी शिक्का मारून आणायचीस आणि म्हणायचीस, "चला, अजून एक वर्ष मी तुमची." आपण सगळे हसायचो. काय हसायचो गं आपण!

मग तो नियम आला. खाजगी कंपनीतही चार इथल्या माणसांमागे बाहेरचा एकच. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. पदवी घेऊन दोन वर्षं मी घरी बसले होते. जिथे जावं तिथे सांगायचे, बाहेरची माणसं बारा तास राबतात, तुम्हाला सहा वाजता घरी जायचं असतं. मला वाटलं, आता तरी कुणी माझा अर्ज नीट वाचेल. बाहेरची माणसं म्हणजे कुठलीतरी दुसरीच, असं माझ्या डोक्यात होतं. तू त्यांत येतेस हे मला तू जेवताना सांगितलंस तेव्हा कळलं. लॅबमध्ये इथले सात होते आणि बाहेरचे दोन, तू आणि प्लास्टरवाले काका. इथला आठवा मिळाला असता तर दोघंही राहिला असतात. मालकांनी चार पोरं आणून बसवली, पण प्लास्टरची धूळ नाकात गेली की दुसऱ्या दिवशी एकही फिरकायचं नाही. नियम पाळायची मुदत संपत आली तेव्हा तू म्हणालीस, काकांना या वयात कोण घेणार, मी जाते. नोकरी गेली तसा परवाना गेला. साठ दिवसांत देश सोडायचा, आपलं घर तुझं नाही, असं ठरलं.

त्याच आठवड्यात मी जहाज कंपनीत नोकरीवर रुजू झाले. पहिल्या दिवशी तूच माझा शर्ट इस्त्री करून दिलास आणि कॉलर नीट करत म्हणालीस, "बघ, आपल्यापैकी एकीचं तरी भलं झालं." त्या नोकरीबद्दल मी तुला पत्रांतून काय काय लिहिलं! बढतीचंही लिहिलं होतं. ताई, तसलं काही नाही. आम्हाला तिथे नियमाचा आकडा भरायला घेतलंय, काम देत नाहीत. आम्ही अकराजणं मागच्या खोलीत बसतो, तपासणीसाहेब आले की पुढच्या टेबलांवर जाऊन बसतो, ते गेले की परत मागे. पहिले सहा महिने मी काम मागत होते. "शिकाल हळूहळू," म्हणायचे. आता मागत नाही.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. तुला तिकडे त्या मोठ्या लॅबमध्ये जागा मिळत होती, तिकडच्या कागदांवर तू आता 'इथली' आहेस म्हणून. आणि तू ती घेतली नाहीस, कारण ती जागा रिकामी करायला त्यांनी एका परक्या मुलीला काढलं होतं आणि तिचा एप्रन अजून खुंटीवर लटकत होता. खाली तू लिहिलंस, 'फार काही केलं नाही गं, कुणीही हेच केलं असतं.' कुणीही नाही, ताई. मी नाही केलं. मुदत संपायच्या आठ दिवस आधी मालक आपल्या घरी आले होते. तू लॅबमध्ये, आई वर झोपलेली. ते दारातच उभे राहून म्हणाले, "सहा महिने ये, हात जोडतो. आठवं नाव तुझं घालतो, ताईचा परवाना टिकेल." जहाज कंपनीचं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. मला वाटलं त्यांना कुणीतरी मिळेल. नाही, हेही पूर्ण खरं नाही. मला वाटलं, जन्मात एक खुर्ची अशी असावी जी ताईमुळे मिळालेली नाही. मी त्यांना काही कळवलंच नाही. ते तुला बोलले नाहीत, मीही नाही. परवा मी त्यांना विचारलं, आता माझं नाव घातलं तर? ते म्हणाले, "आता नवे परवानेच बंद झालेत, पोरी." तुझी माफी मी मागत नाही. तू पत्र वाचून संपायच्या आत ती देऊन टाकशील, मला माहीत आहे. या वेळी देऊ नकोस. आधी माझ्यावर रागाव, जन्मात एकदा तरी, मनापासून.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
ठकी