साडूचे बावीस, माझे सहा

मंगळवार, दिवेलागणीला

साडूचा राग येतोय. वसंताचं त्यात काहीच चुकलेलं नाही, म्हणून तर जास्तच येतोय.

प्रोस्टेटसाठी रक्त तपासायला दोघं बरोबरच गेलो होतो. पीएसए हा आकडा चारच्या आत हवा; त्याचा आला बावीस, माझा सहा. आम्हाला आकडा दिसला की मार्क वाटतात, त्यातून आम्ही साडू. आठवडाभर मी पास झाल्यासारखा फिरलो. त्याच्याकडे संत्रा बर्फीचा डबासुद्धा पाठवला. "धीर धरा जी," म्हणालो. किती मोठ्या मनानं!

आज सदरच्या दवाखान्यात दोघांचे बायोप्सीचे रिपोर्ट मिळाले. त्याचा कॅन्सर सगळ्यात खालच्या ग्रेडचा, सध्या नुसतं लक्ष ठेवायचं. माझा सगळ्यात वरच्या ग्रेडचा. "पण माझा आकडा सहाच आहे ना!" मी डॉक्टरांशी भांडलोच. ते म्हणाले, आकड्यावरून अंदाज येतो, बहुतेकदा बरोबरही ठरतो. पण काही फार बिघडलेल्या पेशी रक्तात पीएसए फारसा सोडतच नाहीत.

बावीसवाला सुटला, सहावाला अडकला. हा कुठला न्याय?

संध्याकाळी तो डबा परत करायला आला. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून भरून. बर्फीच. माझा हात धरून म्हणाला, "धीर धरा जी." माझेच शब्द! मग डोळे पुसत म्हणाला, "खरं सांगू? आठवडाभर मी तुमच्या सहावर जळून राहिलो होतो."

मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्यानं दोन वड्या खाल्ल्या.

शुगरही नाही लेकाच्याला.