गुच्छ द्यायला बोलावलं होतं

अहेरीजवळून,
दि. १८ जानेवारी

चि. मयुरीस,
रीतामावशीचे अनेक आशीर्वाद.

नाटक संपल्यावर सकाळच्या पहिल्या गाडीने न सांगता निघून गेलीस आणि आता फोन उचलत नाहीस. इकडच्या रेंजचं तुला माहीतच आहे. टेकडीवर चढून फोन लावावा आणि पलीकडून कापला जावा, म्हणून शेवटी कागद घेतला. एवढा राग बरा नाही बाई! हात दुखत असेल तर थंड पाण्याची पट्टी ठेव आणि ताप आला तर आईला सांग.

एक गंमत सांगते. तुझी किंकाळी माईकमधून अशी घुमली, की पडद्यामागे मिशी चिकटवत बसलेला खलनायकच दचकला. त्याला वाटलं, नाटक सुरू झालं आणि आपला प्रवेश हुकला. आमचे डॉक्टरसाहेब मात्र खूश आहेत. मुलींसाठीची ही नवी लस मंजूर झाली, पण या गावात एकही आई आपल्या मुलीला घेऊन आली नव्हती. नर्सबाईने स्वतःच्या भाचीला सगळ्यांसमोर दिली, याचा व्हिडिओ साहेबांनी तालुक्याच्या बैठकीत दाखवला आणि माझं नाव घेऊन कौतुक केलं. त्या दिवशी कोणी पुढे आलं नाही, पण येतील.

दुसरा डोस जुलैत, तो चुकवायचा नाही. तुझ्यासाठी चारोळी निवडून ठेवली आहे. रुसवा सोड आणि दोन ओळी लिही. माझी माया आहेच, तुझीही राहू दे.

तुझी,
रीतामावशी


ब्रह्मपुरी,
दि. २९ जानेवारी

ती. रीतामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हात दुखत नाही.

सुईचं नाव काढलं तरी माझ्या तळव्यांना घाम सुटतो, हे दिवाळीत मी फक्त तुला सांगितलं होतं. शाळेत लस द्यायला आले तेव्हा संडासात कडी लावून बसले होते, हेसुद्धा. तू हसली नाहीस. बिनसुईची सिरिंज माझ्या हातात दिलीस. दुसरीकडे बघायचं, पायाची बोटं हलवायची, श्वास लांब सोडायचा, सगळं शिकवलंस. आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाली होतीस, की मी आधी सांगीन आणि तू हो म्हणशील तेव्हाच सुई उघडीन. मी रोज आंघोळ झाल्यावर सराव करत होते. नाटक बघून झालं, की सकाळी चहा पिताना तुला सांगणार होते, की आता दे.

तर तू मला उद्घाटनाला पाहुण्यांना गुच्छ द्यायला स्टेजवर बोलावलंस. मला केवढं वाटलं, मावशीने एवढ्या लोकांतून माझं नाव घेतलं! गुच्छ देऊन वळते तोच तू माझं डोकं पोटाशी दाबलंस आणि तुझ्या दवाखान्यातल्या आशाताईने दंड धरून ठेवला. समोरची पोरं शिट्ट्या मारत होती. घरी आल्यावर कळलं, की आईबाबांनी तुला आधीच होकार दिला होता. सैल बाह्यांचा ड्रेस आईने बॅगेत मुद्दाम भरला होता आणि यात तू छान दिसतेस असंही म्हणाली होती. बाबांना विचारलं, तर म्हणाले, की घरचीच पोरगी हाये, तिले काय इचारा लागते.

तुझ्या गावात रेंज नाही, पण व्हिडिओ माझ्याआधी ब्रह्मपुरीला पोचला. वर्गात एकजण पेनाचं टोक दाखवतो आणि बाकीचे माझ्यासारखं ओरडतात. अदीबा तेवढी माझ्याशेजारी बसते.

एक सांग मावशी. परक्याची पोरगी असती, तर तिला विचारलं असतंस ना?

जुलैचा डोस मी घेणार नाही. तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

मयुरी


अहेरीजवळून,
दि. ११ फेब्रुवारी

चि. मयुरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यातच उघडलं आणि लसीकरणाला आलेल्या लेकरांना तसंच बसवून ठेवलं. हो, परक्याच्या पोरीला विचारलं असतं. तू माझी, म्हणून गृहीत धरलं.

कारण ऐकून घे. तुझी मोठीमाय वच्छला, आम्हा बहिणींतली थोरली, गर्भाशयाच्या तोंडाच्या ज्या कॅन्सरने गेली त्याचीच ही लस आहे. तू लहान होतीस. शेवटी शेवटी वासामुळे तिच्या खोलीत कोणी थांबत नव्हतं आणि मी नर्स असून मलाही काही करता आलं नाही. लसीला मंजुरी मिळाल्याची बातमी आली, तेव्हा मी खूप रडले. इकडे बाया म्हणतात, की हे टोचलं की पोरीले लेकरू होत नाई. घरोघर फिरून चपला झिजल्या. नाटकाला पंचक्रोशी जमते आणि स्टेजवर झालेली गोष्ट लोक मनावर घेतात, म्हणून हे डोक्यात शिरलं. तुला आधी विचारलं आणि तू ऐनवेळी नाही म्हणालीस तर काय, याची मला धास्ती होती.

आणि झालं ते उलटंच. त्या दिवसापासून या लसीसाठी एकही पोरगी दवाखान्याकडे फिरकली नाही. गावातली बुधरीबाई तर तोंडावर म्हणाली, की सोताच्या भाचीले धरून टोचते, थे आमच्या पोरीले काय सोडते. व्हिडिओ काढून टाकायला मी साहेबांना सांगितलं, पण हातोहात गेलेला आता कुठून परत आणू?

माझं चुकलं, बाई. राग हवा तेवढा ठेव, पण डोस सोडू नको. वच्छलाचं दुखणं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जुलैत मी रजा काढून ब्रह्मपुरीला येते. तू म्हणशील तेव्हाच सुई उघडीन, या वेळी खरंच. एक ओळ तरी पाठव, म्हणजे माझ्या घशाखाली घास उतरेल.

तुझीच,
मावशी


ब्रह्मपुरी,
दि. २२ जुलै

सौ. रीतामावशी यांस,
सा. न. वि. वि.

मधली तुमची पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही. तुम्ही रजा टाकल्याचं आई म्हणाली, म्हणून लिहिते. येऊ नका. डोस मी काल घेतला.

मोठीमायचं सगळं आईने सांगितलं, त्यानंतर ठरवलं. आईला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं आणि अदीबाला घेऊन आत गेले. धानाच्या रोवणीचे दिवस असल्यामुळे गर्दी नव्हती. नर्सबाईंनी कोणत्या हातात देऊ म्हणून विचारलं. मी थांबा म्हटलं, तर त्यांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली आणि अदीबाशी गप्पा मारत बसल्या. मी पुन्हा थांबा म्हटलं. त्या पुन्हा थांबल्या. मग मी हो म्हणाले. तुम्ही शिकवलेलं सगळं कामी आलं, हे लिहायलाच हवं. दुखलं, पण ओरडले नाही.

नंतर त्यांनी विचारलं, की पहिल्या डोसच्या वेळी काही त्रास झाला होता का. मी नाही म्हणाले. तो कोणी दिला होता, ओळखीचं कोणी होतं का, असंही त्यांनी सहज विचारलं. मी म्हटलं, ओळखीचं नाही. नाटक बघायला गेले होते, तिथे एक नर्सबाई होत्या.

तुमची तब्येत सांभाळा. एवढंच कळवायचं होतं.

मयुरी