करडी अक्षरं

सोमवार, ४ मार्च
आज कामावर रुजू झालो. संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला संगणकाच्या कंपनीत टेबल मिळावं, हा कलियुगाचा माझ्यावरचा एकमेव उपकार. शब्दरूपं शिकवणारा एक प्रोग्राम इथे बनतो आहे, त्यातली रूपं मी तपासायची. दूर गावी प्रोग्राम लिहिणाऱ्या माझ्या लेकीने फोनवर कोड एडिटर शिकवला: डावीकडे प्रकल्पाचं फोल्डर, त्यात फाइली, एक उघडा, लिहा, जतन करा. माउस मी शाळिग्रामासारखा धरत असणार, असा तिचा अंदाज. बरोबर आहे. ही रोजनिशीही प्रकल्पातच एक फाइल काढून लिहितो आहे. जागा खिडकीपाशी, खुर्ची मऊ. माझ्या आधी हे काम करणाऱ्या बाई याच खुर्चीत गेल्या, असं साहेबांनी चहा ढवळता ढवळता सांगितलं.

बुधवार, ६ मार्च
'देवेन' लिहितो तोच पुढे करड्या अक्षरांत 'देवाभ्याम् देवैः' हजर. टॅबची कळ दाबली की ती काळी होतात. वर्गात असा एक विद्यार्थी मिळता तर! साहेब म्हणाले, एडिटरला बाईंचं सगळं लिखाण पाजलंय. बाई चोख होत्या, अजून कामी येतात.
माणूस आहे की लिंबू, मेल्यावरही पिळायला?

सोमवार, ११ मार्च
प्रकल्पात बाईंचं फोल्डर आहे. त्यात आजच्या तारखेच्या फाइली. प्रत्येकीत एकच ओळ: मला उठायचं आहे.
साहेबांना जाब विचारला. म्हणाले, बाई कधी कुरकुर करत नसत. मी फोल्डर पुसून टाकलं. जेवून आलो तर ते परत जागेवर, खाली 'मास्तर' नावाचं नवं. त्याखाली एक रिकामं: 'लेक'.
हा शब्द मी या रोजनिशीखेरीज इथे कुठेही लिहिलेला नाही.

गुरुवार, १४ मार्च
लेकीला इथे नोकरी दिली आहे. सोमवारपासून, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. माझ्याच शिफारशीवरून म्हणे. साहेबांनी ती शिफारस दाखवली. मी लिहिलेली नाही, पण समास माझे, कोपरखळ्या माझ्या.
लेकीला फोन करून ओरडलो, येऊ नकोस. ती हसली. म्हणाली, बाबा, तुमचाच नियम ना, रागात बोललेलं सोडून द्यायचं, लिहून दिलेलं खरं मानायचं? आणि मला पत्रात लिहिलंय तर तुम्ही इतकं गोड.
नियम माझाच. ती लहान असताना माझ्या तोंडाला घाबरायची म्हणून केलेला. तो आता या नराधमांनीही वाचला — इथेच. आत्ता. मी लिहिताना.

शुक्रवार, १५ मार्च
राजीनामा टाइप करायला बसलो. बसायलाच नको होतं. त्याचं आभारपत्र झालं. आता टॅबही दाबावा लागत नाही.
उठता येत नाही. फोन कोटात, कोट खुंटीवर.
टेबलावरच्या कागदावर पेनाने लिहिलं, येऊ नकोस. हात थांबला नाही. खाली माझ्याच वळणदार अक्षरात — बाळा, वाट पाहतो.
साहेब कौतुकाने म्हणाले, बाईसुद्धा अशाच बसायच्या. मी त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या कोणत्याही कोशात नाहीत. त्यांनी ऐकून घेतल्या आणि खिडकी लावली.

सोमवार, १८ मार्च
आली. डबा घेऊन आली. माझा.
ओरडलो. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. तिने खांद्यावर हात ठेवला — बाबा, रागावू नका, लिहून द्या ना.
खुर्ची ओढते आहे. स्क्रीनकडे बघते आहे, माझ्या. लिहितो. वाच, पोरी —
बसू नकोस. पळ. ही खुर्ची
मऊ आहे, उजेड छान येतो आणि बाबा शेजारीच —