तार गेली, नंबर राहिला

मी, श्रीमती जयवंती रविकांत टिपणीस, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार पश्चिम तांबरम, चेन्नई, हे मृत्युपत्र माझ्या हातानं, माझ्या राजीखुशीनं लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्यानं निम्मं येतं, हे मात्र इथेच नमूद करते. पुढे त्याचा संबंध आहे.

कलम १. मला दोन अपत्यं. मुलगा तन्मय शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मुलगी ऊर्मी नागपूरला बँकेत आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ऊर्मीनं करावी. ती लहानपणापासून भावाच्या ताटातला लाडूसुद्धा मोजून देत असे, त्यामुळे तिच्यावर माझा भरवसा आहे.

कलम २. तांबरमचा फ्लॅट माझे कैलासवासी यजमान आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा माझ्या नावानं घेतला. तो दोन्ही मुलांना निम्मानिम्मा. विकायचा की ठेवायचा, ते त्यांनी ठरवावं. माझ्या फोटोकडे बघून रडत ठेवू नये. बँकेतली शिल्लकही तशीच निम्मी. पाटल्या ऊर्मीला, मोहनमाळ नातीला, म्हणजे लावण्याला.

कलम ३. निवृत्तीच्या दिवशी ट्रंक एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींनी दिलेला माझा जुना हेडसेट लावण्यानं घ्यावा. एकतीस वर्षं मी बोर्डावर बसले. मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. सहा महिन्यांत मी कोइंबतूरच्या व्यापाऱ्यांशी भांडू लागले. आवाज ऐकला की माणूस उभा आहे की बसलेला, हे मी ओळखत असे. लावण्याला हे खोटं वाटतं. सरोजाला विचारावं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची.

कलम ४. वरच्या मजल्यावरच्या कृष्णस्वामींना काहीही नाही. ते साक्षीदार म्हणून सही करणार आहेत आणि साक्षीदाराला काही मिळू नये हे बरं. पण हिशेब नोंदवून ठेवते. फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं त्या काळात त्यांचे सगळे फोन माझ्याकडे येत. त्यांच्या मुलीचं लग्न माझ्या फोनवर जमलं. लग्नाची पत्रिका मला लग्नानंतर चार दिवसांनी मिळाली. त्यांचं म्हणणं, पोस्टाची चूक. मी माफ केलं आहे. विसरलेले नाही.

कलम ५. हे कलम लांबणार आहे. टेलिफोनचं आहे.

या घरातला फोन नंबर १९८६ पासून तोच आहे. मराठी मंडळानं तो फार पूर्वी एका चिठ्ठीवर छापला: चेन्नईत औषधोपचारासाठी येणाऱ्यांनी अडचण आल्यास इथे विचारावे. ती चिठ्ठी सांगली, लातूर, नांदेडपर्यंत कशी पोचली देव जाणे. माणसं फोन करतात. एग्मोर स्टेशनहून इस्पितळाला कुठली बस, पथ्याचं जेवण कुठे मिळेल, रिक्षावाला काय म्हणतोय ते जरा ऐका हो ताई. मी ऐकते आणि सांगते. यजमान गेल्यापासून माझा दिवस त्यावरच चालतो.

२०२३ मध्ये तन्मय म्हणाला, "आई, ही तार काढून टाक. इंटरनेटवरचा फोन घेऊ. आवाज स्वच्छ, खरखर नाही."

मी म्हटलं, "तारेला वीज एक्स्चेंजमधून येते. घरातले दिवे गेले तरी ती बोलते. तुझा डबा दिव्यांबरोबर झोपणार."

"आई, आता कुणाकडे लँडलाइन उरलीय?"

"माझ्याकडे."

तरी त्यानं इंटरनेटचा फोन आणून बसवलाच. तीन महिने दिवाणखान्यात दोन फोन होते, शेजारी शेजारी, एकमेकांशी अबोला धरलेले. नव्याला मी हातही लावला नाही.

असाच अबोला माझा आणि माझ्या सुनेचा होता. कीर्तना तंजावरकडच्या मराठी घरातली. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, आणि त्यांची मराठी तेव्हाचीच राहिली, वर तमिळचा हेल. लग्न ठरलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ही मुलगी बोलते की बखर वाचते?" सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर चौदा वर्षं ती माझ्याशी इंग्रजीत बोलली. नम्रपणे, एकही दिवस न चुकता. मला वाटायचं, नव्या मुलींना मराठीची लाज वाटते. लाज मी दिली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या डिसेंबरात वादळ आलं. कीर्तना मला शोळिंगनल्लूरला न्यायला आली आणि रस्त्यात पाणी भरल्यानं इथेच अडकली. सकाळी वीज गेली. इंटरनेटचा फोन गेला. दुपारपर्यंत तिच्या मोबाइलची रेंजही गेली. आम्ही दोघी समोरासमोर बसून भात आणि लोणचं खाल्लं. बोलायला विषय नव्हता, भाषाही नव्हती.

तीनच्या सुमाराला लँडलाइन वाजली. मी कीर्तनाकडे विजयानं पाहिलं आणि रिसीव्हर उचलला.

एक बाई रडत होती. तारेत खरखर, बाहेर पाऊस, आणि माझा अर्धा कान. 'एग्मोर' एवढं कळलं, 'मालक' कळलं. बाकी काही नाही. "सावकाश बोला," मी ओरडले. ती आणखी रडली. एकतीस वर्षं लोकांचे आवाज ओळखणारी मी, माझ्या हातात माणूस होतं आणि मला ते ऐकू येत नव्हतं.

कीर्तनानं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाठ फिरवून म्हणाली, "अक्का, भिऊं नका. मी आहें. काय झालें तें सांगा."

पलीकडची बाई सईबाई, तासगावची. नवरा राणोजी, हृदयाचं ऑपरेशन होऊन कालच सुटलेला. एग्मोरच्या लॉजवर उतरलेले. त्याला दरदरून घाम फुटला होता, असंबद्ध बोलत होता, हात गार पडले होते. ऑपरेशनचंच काहीतरी बिघडलं असं समजून तिनं हाय खाल्ली होती. लॉजच्या फोनवरून ती बोलत होती. लॉजच्या मॅनेजरला, वेंकटला, तिचं बोलणं कळत नव्हतं आणि तिला त्याचं.

कीर्तनानं विचारलं, "यजमानांचें जेवण झालें काय?"

मला वाटलं, झालं, हिला आता हे सुचतंय! त्यांच्या घरात कुणी दारात आलं की पहिलं हेच विचारतात.

नंतर तिनं मला सांगितलं, सईबाई म्हणाली होती, "न्हाई हो. लॉजची खानावळ बंद हाय. सकाळपासनं पोटात कायबी न्हाई. साखरेची सुई तेवढी टोचून घेतली."

कीर्तनाच्या वडिलांना मधुमेह. रिकाम्या पोटी सुई, म्हणजे साखर उतरली, हे तिला लगेच उमगलं. "तुमचें बोलणें त्यांस कळतें काय? पाणी गिळतात काय, तें पहा. गिळतात? मग साखर कालवून थोडी थोडी पाजा." मग तिनं वेंकटला फोनवर बोलावून तमिळमध्ये असं काही सुनावलं की तो स्वतः स्वयंपाकघराचं कुलूप उघडायला धावला. माणूस पाठवून इस्पितळाला कळवायलाही तिनं त्याला सांगितलं, पण सईबाईला फोन ठेवू दिला नाही. वीस मिनिटं ती उभी होती. सईबाईला धीर देताना एकदा मध्येच तमिळ घुसलं, हे तिचं तिलाही कळलं नाही, पण सईबाईला सगळं कळलं.

शेवटी फोनवर एक जाड आवाज आला. राणोजी. तो काय म्हणाला ते कीर्तनानं हसत हसत सांगितलं: "म्हणतात, भात मिळेल काय?"

त्यानंतर आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी म्हटलं, "माझ्याशी का नाही अशी बोललीस कधी?"

"तुम्ही हसलांत, आई."

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे वाक्य मी यजमानांनाही कधी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही मराठीत बोलतो. मी तिचे काही शब्द उचलले आहेत. ऊर्मी फोनवर विचारते, आई, तू अशी का बोलतेस?

आता निर्णयाचं. वादळात तार जिंकली, म्हणून तन्मयचा डबा मी परत पाठवला आणि वर्षभर सगळ्यांना हे ऐकवलं. मग कुणीतरी रस्ता खणताना तार तोडली आणि दोन महिने ती मुकीच राहिली. खात्यानं विचारलं, पुन्हा तार हवी की नवी फायबरवरची जोडणी, नंबर तोच राहील. तन्मय या वेळी गप्प बसला, हे शहाणपण त्यानं बायकोकडून घेतलं असावं. कीर्तनानं तिच्या घरचा इंटरनेटवरचा फोन माझ्या उजव्या कानाला लावला आणि मंडळाच्या सेक्रेटरीशी बोलायला दिलं. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. ते गृहस्थ पलंगावर आडवे होते, हेसुद्धा!

मी तार सोडली. एक अट घातली: राउटरला बॅटरी, दिवसभर चालेल अशी. वीज घरची असो की एक्स्चेंजची, फोन वाजला पाहिजे. तन्मयचं आवाजाबद्दल बरोबर होतं, माझं विजेबद्दल. दोघांनी पुढे यावर वाद घालू नये.

कलम ६. म्हणून हा टेलिफोन नंबर, त्याची जोडणी, बॅटरी आणि येणारे सगळे फोन मी माझी सून कीर्तना तन्मय टिपणीस हिला देते. फोन आताच तिच्या मोबाइलवरही वाजतो, तशी तिनं व्यवस्था केली आहे. तिच्यावर सक्ती नाही. कंटाळा आला तर मंडळाला कळवून बंद करावा. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाहूं कीं." तंजावरकडे याचा अर्थ हो असा होतो, असं मी समजते.

कलम ७. मी २०१९ साली केलेलं मृत्युपत्र या लेखानं रद्द करते. त्यात घर, सोनं, भांडी, शिवणयंत्र, सगळ्यांची नावं होती. कीर्तनाचं नव्हतं. गेल्या मंगळवारी ते मी फाडत होते तेव्हा तिनं विचारलं, आई, काय आहे तें? मी म्हटलं, जुनं बिल. ते खोटं होतं. ती आता हे वाचत असेल, म्हणून खरं लिहून ठेवलं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांना तमिळमधून समजावून सांगितला. कलम चारला कृष्णस्वामींनी हरकत घेतली, ती नामंजूर केली. त्यानंतर दोघांच्या समक्ष मी सही केली आणि माझ्या समक्ष त्यांनी.

(सही) जयवंती रविकांत टिपणीस

साक्षीदार:
१. (सही) एस. कृष्णस्वामी, निवृत्त शिक्षक, पश्चिम तांबरम. पोस्टाचीच चूक होती.
२. (सही) आर. सरोजा, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, क्रोमपेट.

ठिकाण: पश्चिम तांबरम, चेन्नई
दिनांक: ९ मार्च २०२५